खुलासा : ‘अपंगांना उपचार नकोत’ असं एलिझाबेथ बार्न्स म्हणालेल्या नाहीत

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ एलिझाबेथ बार्न्स म्हणतात, अपंगत्वात वाईट काहीच नाही, मग सवलती कशाला, उपचार तरी कशाला?’ पहिला भाग अर्धवट आहे आणि पुढचा कुणीतरी चिकटवलेला.

बार्न्स यांचं २०१६ सालचं पुस्तक फक्त शारीरिक अपंगत्वाबद्दल आहे. वेगळं शरीर म्हणजे आपोआप वाईट आयुष्य नव्हे, एवढं त्यांचं म्हणणं. त्रास होतच नाही असं त्या म्हणत नाहीत. भेदभाव संपला तरी काही अडचणी उरतील, हेही त्यांना मान्य आहे. पण बराचसा तोटा समाजाच्या रचनेतून येतो. रामकुंडावर व्हीलचेअर अडते ती पायांमुळे की पायऱ्यांमुळे, हे घाटावर उभं राहून ज्यानं त्यानं ठरवावं. यातून सवलती काढायचा निष्कर्ष निघतोच कसा? निघाला तर उतार बांधायचा निघेल.

राहिले उपचार. ते कुणा प्राध्यापकाच्या मतावर ठरत नाहीत. आपल्याकडे २०१६च्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य सांगतं. अडथळामुक्त प्रवेशाची अट आपल्या सिडको भागातल्या खासगी रुग्णालयांनाही लागू आहे.