आमच्या फ्रीजची गटारी

पावसाळ्यात आमच्या घरात जमिनीवर पाणी दिसलं की माणसं खाली बघत नाहीत, वर बघतात. कौलारू घरात राहणाऱ्यांची मान आपसूकच तशी वळते.

जुलैतल्या त्या पहाटे चहा टाकायला अंधारातच स्वयंपाकघरात गेले आणि उजवा पाय थंडगार पाण्यात पडला. माझं माहेर चिपळूणचं. घरात पाणी शिरणं म्हणजे काय, हे मी २००५ सालीही पाहिलंय आणि २०२१ सालीही. त्यामुळे किंचाळले वगैरे नाही. आधी मिक्सर उचलून फडताळात ठेवला, मग तांदळाचा डबा ओट्यावर चढवला आणि त्यानंतर दिवा लावला. पाणी जेमतेम एका ताटाएवढं होतं.

सासूबाई आल्या. पाण्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मान वर करून म्हणाल्या, "कौल सराकला."

मे महिन्यात चार माणसं लावून शाकारणी केली होती, तेव्हा कौल सरकणं नवऱ्याच्या अब्रूला परवडणारं नव्हतं. रेनकोट चढवून तो भर पावसात छपरावर गेला. वरून त्याचा विजयी आवाज आला, "सगळं जागच्या जागी आहे!" पाठोपाठ दोनदा 'कट्' असा आवाज झाला. दुपारपर्यंत आमच्याकडे खरोखरची गळती सुरू झाली, तीही माजघरात. तिथे बादली लावली. स्वयंपाकघरातलं तळं होतं तिथेच होतं.

दुसरा संशय मांजरावर गेला. बिचारीला दोन रात्री पडवीत कोंडलं. तळं आलंच. मग माठ पाझरत असेल म्हणून माठ बाहेर काढला. तळं आलं. फरशी पुसता पुसता माझ्या एवढंच लक्षात आलं, की हे पाणी सकाळी येतं, संध्याकाळी येतं, मधल्या वेळात येत नाही. इतका वक्तशीरपणा आमच्या घरात मांजरालाच काय, कुणालाच नाही.

तिसऱ्या दिवशी फ्रीजमधला भाजीचा ड्रॉवर ओढला, तर त्याच्या खाली पाण्याचा थर आणि कोथिंबिरीची जुडी बुडून पार मेलेली. "ओली भाजी ठेवलीत," मी म्हटलं. "तूच ठेवलंस," सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ असा गेल्यावर दोघींनी मिळून फ्रीजला दोषी ठरवलं. या वर्षातलं आमचं हे पहिलं एकमत.

फ्रीजला दोषी ठरवायला माझं मन घेत नव्हतं, कारण तो मी हट्टाने घेतलेला. आधी आमच्याकडे एका दाराचा होता. त्याच्या फ्रीजरमध्ये पंधरा दिवसांत अमरनाथची गुहा तयार व्हायची. मग रविवारी थर्मोस्टॅटच्या मधोमध असलेलं ते बटण दाबायचं, खालचा ट्रे रिकामा करायचा, समोर जुने टॉवेल अंथरायचे आणि बर्फ वितळायची वाट बघत बसायचं. नवऱ्याला वाट बघता येत नाही. तो उलथनं घेऊन यायचा. बर्फामागे ज्या नळ्या असतात त्यांत वायू खेळत असतो, एक टोचा बसला की फ्रीज गेला, हे त्याला दर रविवारी सांगावं लागे आणि दर रविवारी तो "हळू करतोय" म्हणे. शेवटी फ्रीज वाचवायचा की संसार, असा प्रश्न आला तेव्हा दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री असलेला हा आणला. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, यात बर्फ होतच नाही."

यात बर्फ होतो. रोज होतो. फक्त आपल्याला दाखवत नाहीत. पाहुणे येणार म्हटल्यावर सगळा पसारा माजघरात लोटून पडदा ओढायचा, तशातली गत. फ्रीजरच्या पाठीमागच्या पांढऱ्या फळीआड कॉइल असते. हवेतली वाफ तिच्यावर जाऊन गोठते. दर आठ-दहा-बारा तासांनी मशीन आपणहून थांबतं, कॉइलखालचा हीटर वीस-पंचवीस मिनिटं तापतो, बर्फ विरघळतो, पाणी खालच्या पन्हळीत पडतं, पन्हळीच्या भोकातून नळीत, नळीतून फ्रीजच्या पाठीमागे कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये. कॉम्प्रेसर गरमच असतो, त्या उबेवर पाणी उडून जातं. फ्रीजच्या पोटात हीटर आहे हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की देवळात चूल मांडलीय असंच जणू मी सांगितलं.

हे सगळं ज्ञान मला मेस्त्रीकडून मिळालं, पण मेस्त्री चौथ्या दिवशी उगवला. तो खाडीपलीकडचा. पावसात खाडीपलीकडचा माणूस 'उद्या येतंय' म्हणतो तेव्हा त्याचा शब्द धरायचा, तारीख धरायची नाही.

तोवर नवऱ्याने उपाय शोधला. पाणी कुठून येतं ते कळत नाही ना, मग निदान ते समोर येऊ दे, म्हणजे ताट लावता येईल. छपरावर फुटलेल्या दोन कौलांचे तुकडे होतेच. ते त्याने फ्रीजच्या मागच्या पायांखाली सरकवले. फ्रीज देवाला नमस्कार केल्यासारखा पुढे झुकला. खरं तर फ्रीज ठेवावा किंचित मागे कलता, म्हणजे दार आपल्या वजनाने लागतं. आमचं दार त्या रात्री आपल्या वजनाने उघडलं. जुलैतली आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे, पिळली तर अर्धा तांब्या निघेल. पापड मऊ, मीठ ओलं, चपलांना बुरशी, कपाटातल्या शालूला वास. अशी हवा रात्रभर फ्रीजमध्ये मुक्कामाला होती. सकाळी ताट भरून वाहत होतं आणि नवरा खूश होता, कारण पाणी समोरच आलं होतं.

त्यातच दुसरी भानगड. वर फ्रीजरमध्ये सगळं दगड आणि खाली दूध नासतंय. मागच्या भिंतीला टेकलेली एकच काकडी तेवढी काचेसारखी गोठलेली, तिच्या शेजारच्या वांग्याला काही पत्ता नाही. थंडावा कमी पडतोय म्हणून सासूबाईंनी फ्रीजरमधलं बटण पार शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. दूध आणखी लवकर नासायला लागलं.

मेस्त्री आला तो नेमका आषाढ अमावास्येच्या आदल्या दिवशी. आल्या आल्या त्याने काय करावं? फ्रीजचं दार उघडलंच नाही. फ्रीज भिंतीपासून ओढला, पाठीमागे उकिडवा बसला, बॅटरी मारली आणि तो ट्रे बोटाने पुसून बोट मला दाखवलं. बोटाला धूळ. ट्रेमध्ये एक वाळकं झुरळ आणि मुलाचा हरवलेला खोडरबर.

"बघितलास वयनी? हय पाणी येवक व्हया, थय सुको खडखडीत. आणि जय येवक नको, थय तुमी फडकी घेवन बसल्यात. व्हाळ तुंबलो काय पाणी कुणग्यात शिरता, तसाच ह्या."

चार दिवस आम्ही ओल्या जागा शोधत होतो. कोरडी जागा शोधायची असते, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्याने फ्रीजर उघडला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. आता इथे आमची बाजू मांडणं भाग आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. एकसष्ट दिवस. माणसाने जगायचं कसं? म्हणून मेअखेरीस सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोलंबी, बांगडे, सगळं पुड्या करून फ्रीजरमध्ये जातं. ते जातं न जातं तोच आंब्याचा रस बाटल्यांतून येतो. मग ओले काजूगर, फणसाचे गरे, खोवलेलं खोबरं. शेवटी मधे राहिलेल्या फटींमध्ये सासूबाई मुठीने दाबून काय काय बसवतात, हे विचारायची पद्धत नाही. आमच्या फ्रीजरमध्ये बोट घालायला जागा नव्हती.

"वयनी, हो फ्रीज नाय, गोडावन आसा."

फ्रीजर भरलेला असला तर तसं बिघडत नाही, हे त्यानेच सांगितलं. उलट लाईट गेली की भरलेला फ्रीजर जास्त वेळ टिकतो, गोठलेले मासे एकमेकांना थंड ठेवतात. पण फळीला जी जाळी असते, जिच्यातून पंखा गार वारा फेकतो, तिच्यासमोर चार बोटं मोकळी लागतात. आमच्या जाळीवर रसाच्या बाटल्या पहाऱ्याला उभ्या. वारा बाहेर पडेना, खालच्या मजल्यावर उतरेना. फ्रीजरमध्ये उणे अठरा आणि खाली चार असा हिशोब असतो, पण वारा बनतो वरतीच, त्यातलाच थोडासा एका झडपेतून खाली सोडायचा. वरचं ते बटण म्हणजे ती झडप. सासूबाईंनी ते टोकाला नेलं, म्हणजे खालच्या मजल्याचा वारा बंद करून सगळा माशांना दिला. दुधापेक्षा सुरमईचा जीव मोठा, हे त्या कबूल करतीलही. तो जो थेंबभर वारा खाली येत होता, तो थेट काकडीच्या डोक्यावर.

"वाऱ्याक वाट नाय, पाण्याक वाट नाय, आणि फ्रीजाक नावां ठेवतास!" मेस्त्री म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. "सगळा भायर काढा."

घरात शोकसभेसारखी शांतता पसरली. सगळं म्हणजे सगळं? मग आळीभर धावाधाव. शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये सुरमई, समोरच्या वहिनींकडे कोलंबी, रस आमच्या पुतण्याच्या खानावळीत. सुरमईच्या अकरा तुकड्या गेल्या, नऊ परत आल्या. काकू म्हणाल्या, "तुझी मोजदाद चुकली गो." मी मासे मोजायला चुकेन?

फळी निघाली. मागे कॉइल दिसलीच नाही, शुभ्र लादी होती. खालची पन्हळ बर्फाने भरून आलेली आणि भोकाच्या तोंडाशी खोबऱ्याचा कीस, कोथिंबिरीची काडी आणि काहीतरी काळपट चिकट असा गोळा. हीटर आपलं काम इमानेइतबारे करत होता. बर्फ वितळवायचा, पाणी भोकाशी यायचं, तिथे वाट नाही म्हणून काही गोठायचं आणि उरलेलं काठ ओलांडून भाजीच्या ड्रॉवरमध्ये उतरायचं. सकाळ-संध्याकाळच्या त्या वक्तशीर तळ्याचं कोडं असं सुटलं.

नवरा आतून उलथनं घेऊन आला. मेस्त्रीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नवरा उलथनं घेऊन परत गेला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तसं बघता येत नाही.

मेस्त्रीने माझा केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवला, पाणी टिपत टिपत. मग कोमट पाणी मागितलं, कढत नको म्हणून दोनदा बजावलं, आणि मोठ्या सिरिंजने ते भोकात सोडायला लागला. पहिली सिरिंज उलटी आली. दुसरीही. आम्ही चौघं फ्रीजच्या मागे कान लावून. बाहेर पाऊस कोसळतोय, पागोळ्यांचा धबधबा चाललाय, माजघरातल्या बादलीत ठपठप चालू आहे, आणि आम्ही पाण्याच्या एका थेंबाचा आवाज ऐकायला श्वास रोखून बसलोय. पाचव्या सिरिंजला आत काहीतरी गुरगुरलं आणि मागच्या ट्रेमध्ये पडलं. टप. मग टपटप. मग धार. सासूबाईंनी हात जोडले.

"उद्या गटारी," नवरा म्हणाला, "आपल्या फ्रीजने आजच केली."

हा विनोद त्याने त्यानंतर भेटेल त्याला सांगितलाय, तेव्हा तुम्ही तो कुठे ऐकला असेल तर उगम आमच्या स्वयंपाकघरात आहे.

जाता जाता मेस्त्रीने दहाची नोट मागितली. दाराच्या रबरात धरून दार लावलं, नोट ओढली, ती लोण्यातून सुरी यावी तशी आली. म्हणजे रबर सैल, ओली हवा तिथूनही आत येते. साबणाच्या पाण्याने रबराच्या घड्या पुसून घेतल्या, तर केवढी बुरशी निघाली. आमटी निववल्याशिवाय ठेवू नका, कढी झाकल्याशिवाय ठेवू नका, तिची वाफ जाऊन कॉइलवरच बसते, दार उघडून 'काय खाऊ' असा विचार करत उभे राहू नका. हे शेवटचं म्हणताना तो मुलाकडे बघत होता आणि मुलगा नवऱ्याकडे. कौलाचे तुकडे मागच्या पायांखालून काढून त्याने पुढच्या पायांचे स्क्रू फिरवले. दहाची नोट त्याच्या खिशात गेली ती गेलीच, ती मजुरीत धरली की नाही हे कळलं नाही.

मासे परत आले, पण पुन्हा सगळे मावेनात. जाळीसमोरची चार बोटं मोकळी ठेवायची म्हणजे दोन किलो माल बाहेर. आणि परवापासून श्रावण. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरमई तळलेली, दुपारी कोलंबीचं सुकं, रात्री बांगड्याचं तिखलं आणि तिन्ही त्रिकाळ आंब्याचा रस. फ्रीजला वारा मिळाला, आमचा गेला.

आठवडाभराने आरोग्य केंद्राची ताई आली. दर पावसाळ्यात येते. परसातल्या करवंट्या बघते, टायर बघते, टाकीचं झाकण बघते. या वेळी सरळ स्वयंपाकघरात आली. "फ्रीजचा मागचा ट्रे दाखवा." दाखवला. आता तो चांगला भरत होता, माझा ऊर अभिमानाने भरून आला. तिने बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. पाण्यात बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या, डेंग्यूच्या डासांना हीच स्वच्छ साठलेल्या पाण्याची जागा आवडते म्हणाली. तिने ट्रे मोरीत पालथा केला आणि नवऱ्याला दम भरला, "आठवड्यातून एकदा ट्रे ओतून, घासून, कोरडा करायचा. कोरडा दिवस पाळा. कुठला वार सोयीचा आहे?"

नवऱ्याने बराच वेळ विचार केला. "शनिवार, रविवार आणि बुधवार सोडून कुठलाही," म्हणाला.