आमच्या आजीच्या यहुदीपणाचा पुरावा

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही बेने इस्राएली लोक खरे ज्यू, की नंतर झालेले?" बेने इस्राएली म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हाच प्रश्न माझ्या आजीला ज्या देशात विचारला गेला, तिथे ती घरदार सोडून केवळ श्रद्धेपोटी गेली होती. म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते.

आजी म्हणजे आईची आई. माहेर अलिबागकडचं, लग्नानंतर संसार ठाण्यात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती, आजोबा, दोन मामा आणि धाकटी मावशी इस्राएलला गेले. आईचं लग्न झालेलं, म्हणून आम्ही इथेच राहिलो.

आमच्या लोकांची कथा अनेकांना ठाऊक असेल. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावांनी आम्हाला शनवार तेली म्हटलं. मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, सामुएल दिवेकरांनी बांधलं ते 1796 साली. त्याआधी शतकानुशतकं ना मंदिर, ना रब्बी (धर्मगुरू), ना पुस्तक. मग धर्म टिकवला कुणी? माझं ठाम मत आहे की बायकांनी. शनिवार पाळायचा तर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळा स्वयंपाक उरकावा लागतो, आणि तो काही पुरुष उरकत नव्हते. समाजाच्या इतिहासात नावं मात्र पुरुषांचीच भेटतात.

आजीचं शुक्रवारचं सगळं ठरलेलं असे. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल, त्यात वात. द्राक्षासवाऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. मटणाला नारळाचंच दूध, कारण मांस आणि जनावराचं दूध एकत्र करायचं नाही. खवलं असलेलेच मासे चालायचे. भरल्या समुद्राकाठी वाढलेल्या या बाईने जन्मात कोळंबी खाल्ली नाही की चिंबोरी, आणि तसं करताना आपण काही मोठा त्याग करतोय असं तिच्या मनातही कधी आलं नसावं. दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, पांढरे कपडे, कडक उपास, दिवसभर दार बंद. बिरड्याच्या सणाला वालाचं बिरडं. हे सगळं तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं, तिच्या आजीकडून आलं होतं.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री हग्गादा ही त्या सणाची पोथी वाचून झाली की 'पुढल्या वर्षी यरुशलेमात' म्हणतात. मराठी अर्थासह हग्गादा मुंबईत 1846 साली शिळाछापावर निघाली होती, म्हणजे आमच्याकडे हे वाक्य कैक पिढ्या अर्थ कळून म्हटलं गेलं. आजीने ते शब्दशः घेतलं. आजोबा थोडे कचरत होते, तिनेच धीर दिला.

वाट्याला यरुशलेम आलं नाही, दिमोना आलं. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं गाव. शेजारी मोरोक्कोहून आलेली कुटुंबं, मामांना कापड गिरणीत काम, पाण्यापासून भाजीपर्यंत सगळं नवं. पत्रांत ती पोह्यांची आणि कोकमांची आठवण काढायची, पण परत यायचं असं एकदाही लिहिलं नाही.

आणि मग 1962 चा, इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या मंडळाचा, तो आदेश. बेने इस्राएली मुलामुलींना इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची. मावशीचं लग्न तेव्हा बघत होते. नवगावला ग्रंथ बुडाले, त्या लोकांकडे वंशावळीचे कागद मागायचे! आजीचं त्या वेळचं बोलणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: "माझी आजी कोण होती विचारतात. अलिबागला जा म्हणावं, आणि तिला शनवारी चूल पेटवताना कुणी बघितलंय का, ते विचारून या."

लोक यरुशलेममध्ये ठिय्या देऊन बसले, त्यात थोरला मामाही होता. शेवटी 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक झाली, बेने इस्राएली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर झालं आणि आदेशाची भाषा बदलली. मावशीचं लग्न झालं, मेंदीसकट. काही नातेवाईक म्हणतात, आजीने सगळं शांतपणे सोसलं. मला ते पटत नाही. ती चिडली होती, चांगली दोन वर्षं चिडलेली होती. पण त्या दोन वर्षांतला एकही शुक्रवार दिव्याशिवाय गेला नाही, आणि श्रद्धा म्हणून मला हे दोन्ही एकत्र दिसतं.

1992 मध्ये दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, त्यानंतर ती एकदा आली. विमानतळावरून घरी येतानाच म्हणाली, "मला खंडाळ्याला जायचंय." घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं, जिथल्या खडकावर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. निघण्यापूर्वी तिने तिथे नवस बोलला होता, मुलं परक्या मुलखात रुजू देत म्हणून. दिमोनात तिने प्रत्येक बारशाला, प्रत्येक नोकरीला मलिदा (हनाबीच्या नावाने मांडायचं गोड पोह्यांचं ताट) केला होता, पण हा नवस इथे बोललेला, म्हणून इथेच फेडायचा. आईने विचारलं, "इतक्या वर्षांनी?" तर म्हणाली, "हनाबीला मी मुदत कुठे दिली होती?" भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं, सगळं तिने स्वतः ताटात मांडलं. गुडघे दुखत असूनही शेवटपर्यंत उभी राहिली.

मलिदा कसा करायचा हे आता यूट्यूबवरही मिळतं. तो कशासाठी केला, हे फक्त करणारीला माहीत असतं. दिमोना, लोद, अश्दोद, ठाणे, अलिबाग, कुठेही तुमच्या घरी त्या पिढीची आजी किंवा मावशी असेल, तर तिने कोणते नवस बोलले आणि कुठे फेडले ते विचारून लिहून ठेवा. माझी मावशी आजीचे लिहून काढतेय. तुमच्याकडचे तिला कळवायचे असतील तर मला मेसेज करा, मी पोचवेन.