पद्मनाभपुरम अर्ध्या तासात कसा उरकावा

कन्याकुमारीला निघालात? मग त्रिवेंद्रमच्या रस्त्यावर तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा तुमच्या कार्यक्रमात असणारच. टूरवाले तो सूर्यास्त आणि खरेदी यांच्या मधल्या फटीत बसवतात. गेल्याच महिन्यात आमच्या बसने तो असाच उरकला. बसमधल्या अनुभवी मंडळींकडून जे शिकलो, ते तुमच्यासाठी लिहून ठेवतोय.

शक्यतो सोमवारी जा. त्या दिवशी राजवाडा बंद असतो, म्हणजे टूर मॅनेजरशी भांडायला निवांत वेळ मिळतो.

बंद नसलाच, तर चपला काढण्यापासून सुरुवात करा. ‘देऊळ आहे का हे?’ असं जोरात विचारायचं. आता इथून त्रावणकोरवर राज्य करणाऱ्या मार्तंड वर्माने १७५० मध्ये अख्खं राज्यच पद्मनाभस्वामीच्या पायावर वाहिलं आणि पुढे त्याचा दास म्हणून कारभार केला, त्यामुळे याचं उत्तर तितकंसं सोपं नाही. पण तुम्ही कुठे उत्तरासाठी विचारलंय! गाइडने तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न टाका: राजवाडा तामिळनाडूत, मग सांभाळतं केरळ सरकार कसं? तो बिचारा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत पोहोचेस्तोवर आपण चहाची चौकशी करायला निघून जायचं.

आत शिरल्या शिरल्या पूमुखम, म्हणजे दर्शनी ओसरी लागते. छताकडे मुळीच बघू नका. तिथे लाकडात नव्वद फुलं कोरलेली आहेत, एकासारखं दुसरं नाही म्हणतात. पण मान वर केली की फोटोत गळ्याच्या वळ्या दिसतात.

अरुंद लाकडी जिन्यावर बरोबर मध्यावर थांबून रील करा. मागची रांग हीच तुमची प्रेक्षक.

प्रत्येक दालनात ‘यात काय एवढं, आपल्याकडे पण आहे’ हे म्हटलंच पाहिजे. त्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत. आमच्यातल्या एका काकांनी तर जाहीरच केलं, ‘आपला शनिवारवाडा याच्या दुप्पट!’ असेल की. १८२८ च्या आगीने आतल्या इमारती खाल्ल्या, उरले तट, दरवाजे आणि जोती. तेव्हा मोजायला कोण जाणार? दिल्ली दरवाजापाशी भेळ खाऊन परत येणाऱ्या माणसाला वाडा कितीही मोठा वाटू शकतो. आपल्याकडचं लाकूड गेलं कसं आणि यांच्याकडचं राहिलं कसं, हा प्रश्न मात्र काकांच्या आसपासही फिरकला नाही. असो. सहलीत कटुता नको.

चौसष्ट प्रकारच्या औषधी लाकडांचा म्हणून राजाचा पलंग दाखवतात. गुडघे दुखत असतील तर अडसराखालून हात घालून जमेल तेवढं औषध पुसून घ्या.

ऊट्टुपुरा या भोजनशाळेत दोन हजार माणसं जेवायची, असं गाइड सांगू लागला की लगेच ‘आपलं जेवण किती वाजता?’

आता मुख्य धडा. वर मंत्रशाळा आहे, राजाची मसलतीची जागा. खिडक्यांना रंगीत अभ्रक, आत उजेड मवाळ, ऊन आणि धूळ बाहेर. आणि खाली काळीभोर जमीन, इतकी गुळगुळीत की खिडकीचा उजेड तिच्यात दिसतो. चुना, नारळाच्या करवंटीचा कोळसा, अंड्याचा पांढरा बलक, वनस्पतींचे रस, असलं काय काय घालून केलेली म्हणतात. साधा माणूस हे ऐकून पाय जरा हळू टाकेल. पण तुम्ही जाणकार आहात. तुम्ही खाली बसायचं, खिशातून गाडीची किल्ली काढायची आणि जमीन खरवडून बघायची.

नाही, मी रचून सांगत नाहीये. आमच्या बसमधल्या एका गृहस्थांनी हे केलं. ‘आपला बांधकामाचाच धंदा आहे, आपल्याला फसवता येत नाही. सिमेंटात ऑक्साइडचा रंग असणार बघ.’ किल्ली टेकवली आणि ओढली. कर्र! तो आवाज मला अजून ऐकू येतो. दाराशी उभ्या असलेल्या कर्मचारी बाई ओरडत धावल्या, तर हे हसून म्हणतात, ‘काय म्हणतेय, कळत नाही बुवा.’ भाषा कळत नाही? किल्लीकडे बोट दाखवून कपाळाला हात लावणारी बाई काय म्हणतेय, हे कळायला मल्याळम यावी लागते? बायको व्हिडिओ काढत होती. बाकीचे वीसेक जण, सगळे शिकलेले, सगळे मराठी, कौतुकाने बघत होते. एक बाई तर विचारत होत्या, ‘मग निघालं का ऑक्साइड?’ मी बोललो तर ऐकायला मिळालं, ‘अहो, एवढी मोठी जमीन आहे, एका रेघेनं काय होतंय?’

आणि पुढे ताइकोट्टारममध्ये, म्हणजे राजवाड्याच्या सगळ्यात जुन्या भागात, फणसाच्या लाकडाचा तो कोरीव खांब आहे ना, एकाच खोडातून काढलेला, तिथे त्यांचं चिरंजीव खिशातून नाणं काढून उभं. वय असेल नऊ-दहा. बाबांनी बघितलं, आता आपण बघूया. त्याला मी काय बोलणार?

तेव्हा गंमत पुरे, सरळच सांगतो. तिथे दोन्ही पावसाळे पडतात, नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचाही. दमट हवा, वाळवी, समुद्राचं खारं वारं, हे सगळं त्या लाकडाने सोसलं. १७९५ मध्ये राजधानी त्रिवेंद्रमला गेली, राजा गेला, दरबार गेला, तरी कोणी ना कोणी ते पुसत राहिलं, डागडुजी करत राहिलं, म्हणून तुम्हाला ते दिसलं. आणि तुम्ही त्याचा खरेपणा तपासणार, किल्लीने! तुमच्या फ्लॅटच्या टाइल्सवर पाहुण्याने चमचा पाडला तर चार दिवस त्याच्या नावाने बोटं मोडता तुम्ही. ‘कितीला पडली माहितेय?’ म्हणून भाव सांगता. या जमिनीचा भाव लावता येत नाही, म्हणून ती फुकटची वाटली का? परप्रांतात गेल्यावर आपली भाषा ऐकून कोणी वळून बघितलं तर आनंद व्हायला हवा. मी त्या बाईंसमोरून मान खाली घालून, तोंड बंद ठेवून गेलो.

अर्ध्या तासात उरकायचंच असेल तर आत जाऊ नका. बसमध्ये बसा, एसी चालू असतो. आणि पोरांना घेऊन आत जाणार असाल, तर चपला काढता तिथेच त्यांचे खिसे रिकामे करून घ्या. त्यांच्या आधी स्वतःचे.