थिबा पॅलेसमधल्या बायकांवर कुणीतरी लिहा

माझं माहेर रत्नागिरीचं. पाहुणे आले की आम्ही त्यांना थिबा पॅलेस दाखवायचो, संध्याकाळी थिबा पॉइंटवर न्यायचो. पण थिबा, म्हणजे इंग्रजांनी इथे डांबलेला ब्रह्मदेशचा राजा, त्याच्याबरोबर त्याच्या चार मुलीही इथे वाढल्या, हे मला लग्न होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर १८८५. इंग्रजांनी थिबाला मंडालेतून बाहेर काढलं तेव्हा राणी सुपयालत पोटुशी होती, पदरात दोन लहान मुली. बैलगाडीतून इरावतीच्या काठापर्यंत, तिथून बोटीने रंगून, मग मद्रास. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत.

हद्दपारीवरच्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचते. राजाची घालमेल त्यात पानंच्या पानं असते. पण परमुलखातलं ते बाळंतपण कुणी केलं? कोकणातल्या पावसात त्यांची रेशमी वस्त्रं कुठे वाळत घातली असतील? आमच्याकडे श्रावणात साधी सुती साडीसुद्धा कुबट वास मारते हो! सरकारी कागदांत हे सापडायचं नाही. ते लिहायला कादंबरीच हवी.

आणि सुपयालतला देवी करू नका. १८७९ मध्ये राजघराण्यातल्या भाऊबंदांची कत्तल झाली, तिचा डाग तिच्या नावावरही आहे. तोही लिहा.

माझा जीव अडकलाय तो थोरल्या राजकन्येत, फाया जीमध्ये. दारावरच्या पहारेकऱ्यापासून तिला १९०६ मध्ये मुलगी झाली, टूटू. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. लोक याला एकतर प्रेमकहाणी म्हणतात, नाहीतर राजकन्येची दुर्दशा. मला दोन्ही पटत नाही. कारण १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली, तेव्हा तीही गेली. आणि लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली! १९४७ मध्ये इथेच वारली. ज्या गावात बापाला डांबलं, त्याच गावात ती आपणहून का आली असेल? कादंबरी मला इथून सुरू झालेली हवी आहे, आणि ती मराठीत हवी आहे, कारण टूटू मराठीच बोलायची. तिचं लग्न, संसार सगळं इथलं. २००० साली गेली. म्हणजे मी कॉलेजात असताना ब्रह्मदेशच्या राजाची नात माझ्याच गावात राहत होती.

गेल्या खेपेला रत्नागिरीतल्या शिवाजीनगरच्या समाधीवर गेले होते. थिबाच्या शेजारी सुपयागले आहे, सुपयालतची धाकटी बहीण आणि थिबाचीच राणी. ती गेली १९१२ मध्ये, थिबा १९१६ मध्ये. दोघांनाही मायदेशी नेऊ द्या म्हणून सुपयालत अडून बसली. सरकारने ऐकलं नाही. १९१९ मध्ये दोघांना इथेच पुरलं, आणि ती मुलींना घेऊन बोटीत बसली.