रेडिओ, जुना, १ नग

परवाची पावती अजून पाकिटात आहे. ‘रेडिओ, जुना, १ नग.’ माझ्या क्वाड ३३ला रेडिओ!

१९६७ साली इंग्लंडातल्या हंटिंग्डनहून निघालेला हा ट्रान्झिस्टर प्रीॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी लागणारा खोका. डावा चॅनेल खरखरायला लागला, म्हणून डोंबिवलीहून उराशी धरून लॅमिंग्टन रोडला नेला. दुकानात शेजारच्या स्टुलावर मिक्सर घेऊन एक काका.

“रेडिओ का?”

“नाही.”

“मग बटणावर रेडिओ लिहिलंय ते?”

“ट्यूनर वेगळा असतो. इथे जोडायचा.”

“बरं, आवाज यातून येतो?”

“नाही. त्याला ॲम्प्लिफायर वेगळा. आणि स्पीकर.”

काकांनी आपला मिक्सर जरा जवळ ओढला. “रेडिओ नाही, आवाज नाही. मग हे करतं काय?”

इथे गप्प बसायला हवं होतं. पण शौकीन माणसाला कुणी विचारलं की तो सुटतो. म्हटलं, काका, रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा मावायच्या नाहीत. वरचे सूर चढवून ठेवतात. हा गडी ते उलटं करतो. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल चढवतो, २० किलोहर्ट्झला जवळपास तितकेच उतरवतो. सुईकडून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट…

“म्हणजे आधी स्वतःच बिघडवायचं आणि मग निस्तरायला खोका विकत घ्यायचा,” काका म्हणाले. “आमच्या सोसायटीची कमिटी हेच करते.” आणि मला न विचारता त्यांनी ‘कॅन्सल’ दाबलं. “याने काय रद्द होतं?”

“टोन कंट्रोल.”

“दिलेत कशाला मग?”

काकांचं सोडा. राग कारागिराचा आहे. झाकणाचा एक स्क्रू त्याने काढला नाही. फटीतून स्प्रे मारला, व्हॉल्यूमचं बटण चारदा गरगर फिरवलं, ६०० रुपये. आतले कॅपॅसिटर सुकलेत हो, म्हटलं, तर “मटेरियल येत नाही.” दोन गाळे सोडून तेच पाकिटाने विकतात! मागची पाच पिनांची जुनी गोल डिन सॉकेटं बघून म्हणाला, “कापून हल्लीची आरसीए सॉकेटं लावून देऊ?” कापून! पन्नास वर्षं कुणी कात्री लावली नाही त्याला. हल्ली दुरुस्ती म्हणजे एकतर फवारणी, नाहीतर कापाकापी. उघडून बघणारा माणूसच उरला नाही.

डावा चॅनेल अजून खरखरतोय. काकांचा मिक्सर मात्र तिथेच दहा मिनिटांत गरगरला. दोन्ही चॅनेल स्वच्छ.