‘खोकल्याचा एवढा बाऊ कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रौढांच्या जुनाट खोकल्यावरील माझा लेख आपल्याला अतिरंजित वाटला. विडी-सिगारेट सोडली की खोकला जातो, ‘जीवनमानावरील परिणाम’ हे शहरी चोचले आहेत, आणि आपल्या पत्नी गेली चार वर्षे खोकत असूनही त्यांचे काहीच अडलेले नाही, असे आपण लिहिले आहे. क्षयरोगाचा उल्लेख लेखाच्या अगदी तळाशी आला, अशीही आपली तक्रार आहे.

ही शेवटची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. आठ आठवड्यांहून अधिक टिकतो तो जुनाट खोकला, ही व्याख्या मी आरंभीच दिली. परंतु आपल्या देशात दोन आठवडे खोकला राहिला की क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यायची असते, ही गोष्ट तिच्याही आधी यायला हवी होती. माझी व्याख्या वाचून कोणी दोन महिने वाट पाहत बसले, तर तो दोष माझा ठरेल. लेखात आजच तसा बदल केला आहे.

तंबाखूच्या धुराविषयी आपल्यात मतभेद नाहीत. मात्र सगळा भार त्याच्यावर टाकला, तर आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली बाई, धुळीत राबणारा कामगार, छातीत शिट्टी न वाजता केवळ ढास लागणारा दमेकरी आणि आम्लपित्त घशापर्यंत येणारा स्थूल मनुष्य हे सगळे नजरेआड होतात. जगभरातील खोकल्याच्या ११ विशेष दवाखान्यांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांत दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या आणि सरासरी वय पन्नाशीच्या पुढचे होते. मिरचीतील कॅप्सेसिन हुंगवून केलेल्या चाचण्यांतही स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मात्रेत खोकला येतो. याचा अर्थ त्या नाजूक किंवा तक्रारखोर आहेत असा नसून, खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया घडवणारे मज्जातंतूच त्यांच्यात अधिक संवेदनशील असतात, असा आहे. काही रुग्णांत हे तंतू इतके हळवे होतात की बोलणे, हसणे, थंड वारा किंवा फोडणीचा वास एवढ्यानेही उबळ येते.

आता ‘चोचल्यां’विषयी. माझ्या आईला सव्वा वर्ष कोरडा खोकला होता. त्या काळात ती भजनी मंडळात मागे, दाराजवळ बसू लागली, मग जाईनाशी झाली; लग्नकार्यांना ‘गुडघे दुखतात’ असे सांगू लागली. उबळ आली की लघवी सुटते, हे तिने मला, डॉक्टर असलेल्या मुलाला, कधी सांगितले नाही, बहिणीला सांगितले. कारण निघाले रक्तदाबाची गोळी, रामिप्रिल. या गटातील औषधांनी ब्रॅडिकिनिनसारखी द्रव्ये श्वसनमार्गात साचतात आणि तेथील मज्जातंतू चेतवले जातात. खोकला कधी औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी उद्भवतो, त्यामुळे गोळीचा संशयच येत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या गटातील गोळी दिली आणि महिनाभरात तिचा खोकला थांबला. पुढच्या एकादशीला ती पुन्हा टाळ घेऊन बसली होती.

खोकल्याने रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजणारी, इंग्लंडमधील लेस्टर येथे २००३ मध्ये तयार झालेली १९ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. शारीरिक त्रासाइतकेच महत्त्व ती संकोचाला, तुटणाऱ्या संभाषणाला, मोडणाऱ्या झोपेला आणि आपल्याला काही गंभीर झाले आहे असे लोकांना वाटेल या धास्तीला देते. आईला हे प्रश्न मी वेळेवर विचारले असते, तर तिचे वर्ष वाचले असते, याची खंत मला आजही आहे.

म्हणून पत्नीचे काहीच अडलेले नाही, या आपल्या वाक्यापाशी मी थांबलो. आपल्या पत्नी धूम्रपान करत नसतील, तर चार वर्षांच्या खोकल्याला दुसरे काहीतरी कारण आहे. त्यांचे काय अडले यापेक्षा, चार वर्षांपूर्वी त्या करत असलेले काय आता करत नाहीत, हे कृपया त्यांना विचारा, आणि शक्य तर घरातील एखाद्या स्त्रीने विचारावे. त्या रोज घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून होणारी श्वासाची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या. थुंकीत रक्त, घटते वजन, संध्याकाळचा ताप, बसलेला आवाज किंवा धाप यांपैकी काहीही असेल, तर हा आठवडाही जाऊ देऊ नका.