सुई हातात नसलेलं माणूस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, हे कबूल करते. म्हणून उत्तराला चार दिवस लावले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी चाइल्ड लाइफ स्पेशालिस्टबद्दल लिहिलं होतं. दाखल झालेल्या मुलांना काय होणार आहे ते त्यांच्या वयाला झेपेल असं समजावणारी, तपासण्या-ऑपरेशनच्या वेळी सोबत राहणारी ही प्रशिक्षित माणसं. तुमचं म्हणणं असं की हे सगळे चोचले आहेत. खेळणं दाखवून पोर रमवायला शिक्षण कशाला लागतं? आई आहे, सिस्टर आहे, मग तिसरं माणूस कशाला? मुलं रडतात आणि विसरतात. तुमच्या मुलाला ‘फिरायला जाऊ’ म्हणून ऑपरेशनला नेलं, काहीही बिघडलं नाही, आणि पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या ऑपरेशनलाही तसंच नेणार आहात.

सिस्टरपासूनच सुरुवात करते, कारण ती सिस्टर मीच. बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली.

एक चार वर्षांचा मुलगा आठवतो. जुलाबांनी पार सुकून गेलेला, शीर सापडेना. एकीने पाय धरले, एकीने डोकं, हात माझ्याकडे. आईला दाराबाहेर थांबवलेलं, कारण ‘आई समोर असली की जास्त रडतं’ हे आम्ही प्रत्येक नव्या सिस्टरला शिकवत असू. तिसऱ्या टोचण्याला शीर मिळाली, सलाईन सुरू झालं, मूल वाचलं. काम चोख झालं. पण पुढचे तीन दिवस मी नुसता थर्मामीटर घेऊन गेले तरी तो भिंतीकडे तोंड करायचा आणि दोन्ही हात पोटाखाली दाबून धरायचा. मी गोड बोलून पाहिलं, चित्रं दाखवली. छे. त्याच्या लेखी मी सुईवाली बाई होते, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

टोचताना माझं सगळं लक्ष शिरेवर हवं, नाहीतर पुन्हा टोचायची वेळ येते. त्याच क्षणी मुलाच्या डोळ्यांत बघून ‘आता गार लागेल, आता चिमटा, झालं’ असं सांगत राहणं मला जमलं नसतं, कुणालाच जमत नाही. चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट इंजेक्शन देत नाही, रक्त काढत नाही, ड्रेसिंग करत नाही. खोलीत असं एक तरी माणूस असतं की ज्याच्या हातात कधीच सुई नसणार, हे मुलाला ठाऊक असतं. तुम्ही ज्याला ‘तिसरं माणूस’ म्हणता त्याची सगळी पुण्याई एवढ्यावर उभी आहे.

आता खेळण्यांबद्दल. नंतर मी जिथे काम केलं तिथे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणून एक मुलगी होती. मला वाटायचं, हिची मजा आहे, दिवसभर बाहुल्यांशी खेळते. एकदा सहा वर्षांची एक पेशंट दोन दिवस हात लाकडासारखा ताठ ठेवून बसली होती. जेवणसुद्धा दुसऱ्याच हाताने. आम्ही सूज बघितली, पट्टी बदलली, सगळं ठीक होतं. या मुलीने कापडी बाहुली आणली, खरी कॅन्युला आणली आणि म्हणाली, ‘हिला सलाईन लावायचंय, तू लाव.’ लावून झाल्यावर सुई बाहेर ओढून दाखवली. आत राहिली ती नुसती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. पोरगी कितीतरी वेळ त्या नळीला बोट लावून वाकवून बघत होती. मग हळूच विचारलं, ‘माझ्या हातातपण सुई नाहीये?’ दोन दिवस ती हातात सुई आहे असं समजून बसली होती. आम्ही रोज तीनदा तिच्याजवळ जात होतो आणि कुणालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

शिक्षण लागतं ते इथे. तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटतं की टोचल्याच्या भोकातून सगळं रक्त वाहून जाईल, म्हणून इवलीशी पट्टी त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते. ‘रक्त काढायचंय’ हे वाक्य त्याच्या कानांनी ऐकून बघा. पाच वर्षांच्या मुलाला आजार ही कुठल्यातरी खोडीची शिक्षा वाटू शकते, आणि विचारल्याशिवाय ते तोंडातून काढत नाही. कुठल्या वयाला काय वाटू शकतं हे माहीत असेल तरच नेमकं विचारता येतं.

ही चैन कुणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघाली असंही नाही. 1955 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड सिटी हॉस्पिटलमध्ये एमा प्लँक यांनी अशा कामाच्या पहिल्या काही कार्यक्रमांपैकी एक सुरू केला. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका. त्यांना बोलावलं ते तिथले बालरोग विभागप्रमुख फ्रेडरिक रॉबिन्स यांनी. पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेला माणूस. चोचले पुरवायला त्याला वेळ असेल असं वाटत नाही.

‘रडतात आणि विसरतात’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. पूर्वी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आईबापांना भेटायला मोजका वेळ मिळे, आणि काही दिवसांनी मूल गप्प झालं की ‘रुळलं’ म्हणत. जेम्स रॉबर्टसन यांनी अशा एका दोन वर्षांच्या मुलीचं आठ दिवसांचं रुग्णालयातलं वास्तव्य कॅमेऱ्यात टिपलं आणि 1952 मध्ये डॉक्टरांना दाखवलं. ते गप्प होणं रुळणं नव्हतं, मुलीने आशा सोडली होती. डॉक्टरमंडळी चिडली म्हणे. पण रुग्णालयातल्या मुलांबद्दलच्या 1959 च्या सरकारी प्लॅट अहवालाने आईबापांना कधीही भेटू द्या अशी शिफारस केली. माझा तो भिंतीकडे तोंड केलेला मुलगाही तिसऱ्या दिवशी रडत नव्हता. आम्ही चार्टवर ‘शांत’ लिहिलं होतं.

आई हवीच, यात तुमच्याशी वादच नाही. पण तिला कुठे बसायचं हे कुणीतरी सांगायला नको का? मुलाला आडवं दाबून धरण्याऐवजी तिच्या मांडीवर, तिच्या छातीला टेकवून बसवलं आणि तिने मिठीत धरलं, तर हात तेवढाच स्थिर राहतो. शिवाय घाबरलेली आई ‘काही नाही होत, काही नाही होत’ म्हणत राहते. मुलाला त्यातून एवढंच कळतं की काहीतरी होणार आहे. अशा दिलाशाने मुलांची भीती वाढताना दिसते, असं अभ्यासही सांगतात. त्यापेक्षा साबणाचे फुगे फुंकायला लावा.

पैशांचा मुद्दा मात्र रास्त आहे. सगळीकडे असं माणूस नेमता येणार नाही. पण निदान टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावायची आठवण ठेवणं कुणाच्या तरी नावावर असू द्या. आमच्या वॉर्डात मलम कपाटात असायचं आणि आठवण सुई हातात घेतल्यावर व्हायची.

राहता राहिला तुमचा मुलगा. तो किती वर्षांचा ते तुम्ही लिहिलं नाहीत. चारेक वर्षांचा असेल तर दोन-तीन दिवस आधी सांगा, आठ-नऊ वर्षांचा असेल तर आठवडाभर आधी. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ऑपरेशनच्या वेळी एक वेगळीच झोप येईल असं औषध देतील, त्या झोपेत काहीच कळत नाही, ऑपरेशन झालं की डॉक्टर जागं करतात, असं सांगा. उठल्यावर दुखेल आणि त्यावरही औषध असतं, हेही सांगा. तो उठेल तेव्हा तुमच्यापैकी कोण जवळ असेल ते नाव घेऊन सांगा, पण आधी रुग्णालयात विचारून घ्या, नाहीतर तेही ‘फिरायला जाऊ’सारखंच होईल. मागच्या वेळेबद्दल त्याने विचारलं तर टाळू नका. आणि त्याचं एखादं लाडकं मळकं पांघरूण असेल तर न धुता सोबत न्या.